चहूकडे पाणी, तरी तहानलेला साप
(रेडिओवरील भाषण)

सोलापुरात बसून समुद्रातल्या सापाविषयी बोलायचं म्हणजे धाडसच. आपली ओळख विहिरीतल्या विरोळ्याशी. आपल्या शेटफळ गावाचं नाव तर नागांमुळेच दूरवर पोचलेलं. पण या नागाच्या आणि मण्यारीच्या भावकीतली एक शाखा फार पूर्वी समुद्रात उतरली आणि तिथलीच झाली.

समुद्रसापांच्या साठाहून अधिक जाती आहेत. बहुतेक किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतात. सिंधुदुर्गातल्या मच्छिमारांच्या जाळ्यात ते माशांबरोबर येतात. भर समुद्रात आयुष्य काढतो तो पिवळ्या पोटाचा समुद्रसाप. पाठ काळी, पोट पिवळं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट मध्य अमेरिकेपर्यंत, हिंदी आणि प्रशांत अशा दोन महासागरांत तो आढळतो. एवढा मोठा मुलूख दुसऱ्या कुठल्याही सापाचा नाही.

त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी. नाकपुड्या वरच्या बाजूला. बुडी मारली की त्यांच्या झडपा मिटतात. फुप्फुस एकच, पण जवळजवळ शेपटीपर्यंत पोचणारं. लागणाऱ्या प्राणवायूचा काही भाग, कधी एक तृतीयांशापर्यंत, तो कातडीतून घेतो. अंडी घालायला जमिनीवर येत नाही. पिलं पाण्यातच जन्मतात.

कात टाकायची तर जमिनीवरचा साप दगडाला, झुडपाला अंग घासतो. भर समुद्रात दगड कुठला? हा साप स्वतःच्याच अंगाची गाठ मारतो आणि ती शरीरावरून सरकवत नेतो. अंगाला अंग घासून कात सुटते, चिकटलेले बारीक जीवही निघून जातात. शिकारीची तऱ्हाही वेगळीच. प्रवाह जिथे मिळतात तिथे फेस आणि काडीकचरा साचतो. त्यात तो निपचित तरंगत राहतो. आडोशाला म्हणून लहान मासे त्याच्या अंगाखाली येतात. मासा शेपटीकडे थांबला, तर हा उलटा पोहत तोंड त्याच्याजवळ आणतो आणि झटक्यात पकडतो.

आता पाण्याचं. जिभेखालची ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकते, म्हणून तो समुद्राचंच पाणी पितो असं पूर्वी मानत. कोस्टारिकाच्या किनाऱ्यावरच्या अभ्यासाने ते खोडून काढलं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात दिसलं की पाऊस नसलेल्या महिन्यांत हे साप शोषलेले असतात, तरी खारं पाणी पीत नाहीत. गोडं पाणी दिलं की पितात. मोठा पाऊस झाला की हलकं गोडं पाणी काही काळ समुद्रावर थरासारखं पसरतं. तेच त्याचं पिण्याचं पाणी. म्हणजे महासागरात राहूनही त्याची नजर आपल्यासारखीच आभाळाकडे!

शेवटी एक सांगणं. सुट्टीत मालवण-दापोलीला गेलात आणि वाळूवर असा साप दिसला, तर तो मेलेला समजून उचलू नका. त्याला जमिनीवर नीट सरपटता येत नाही, पण विष जहाल आहे. चावा फारसा दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. नंतर अंग दुखतं, श्वास अडतो. आपल्याकडचं नेहमीचं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनवलेलं आहे, समुद्रसापासाठी नाही. तेव्हा चावलाच तर मांत्रिक नको, वाट पाहणं नको. तडक रुग्णालय गाठा. आणि सापाला मारू नका, वन विभागाला कळवा.