चिंचोक्याच्या तोंडून
(अंगणवाडी सेविका व महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'पानाफुलांच्या वस्तू आणि मुलांच्या गोष्टी' असं छापलंय. काल एकीने विचारलंच, 'ताई, मार खाल्लेल्या बायांच्या केसेस सोडून हे काय?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला एका पाच वर्षांच्या मुलीने दिलं, तेच सांगते.

वीटभट्टीवरच्या बालवाडीत मी नवी होते. समाजकार्याची पदवी ताजी, उत्साह दांडगा. मुलांनी येताना चिंचोके, करंजाच्या बिया, सुकी पानं वेचून आणली होती. या मुलीने भट्टीच्या मातीचं घर केलं. चिंचोके म्हणजे पोरं, करंजाची मोठी बी म्हणजे बाप. स्वतःशीच बोलत होती, 'बा आला, लपा.' आणि एकेक चिंचोका सागाच्या पानाखाली सरकवत होती.

मी काय केलं असेल? म्हटलं, 'बा नाही गं, बाबा म्हण.'

तिने पान झटकलं आणि उठली. पुढे कितीतरी दिवस मी जवळ गेले की तिचा खेळ मुका व्हायचा. तिची भाषा सुधारायला निघाले आणि गोष्ट घालवून बसले.

'तुझा बाप मारतो का?' असं विचारलं असतं तर ती बोलली नसती. चिंचोक्याच्या तोंडून बोलली. प्लास्टिकची बाहुली बाहुलीच राहते, चिंचोका मात्र आज पोर, उद्या पोलीस, परवा कोंबडी होतो. तो कोण, हे मुलाला सांगावंच लागतं, आणि तिथूनच गोष्ट सुरू होते.

हे शहाणपण माझं नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, बिया, पानं, माती यांचीच साधनं केली. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेलं, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. सरकारची बालविकास योजना आली ती १९७५ मध्ये. ज्या नावाने आपण सेविका म्हणवतो, ते एका बालविधवेच्या आणि तिच्या गुरूच्या कष्टातून आलंय, हे विसरू नका.

आता करायचं कसं? मुलांना वेचायला न्या. गुंज, एरंड, कण्हेर यांच्या बिया विषारी, त्या घेऊ द्यायच्या नाहीत. अगदी लहानग्यांना बी देऊच नका, नाकातोंडात घालतात. त्यांना मोठं पान द्या. आणि कृपा करून नमुना करून दाखवू नका. ताईने बैल केला की वीस बैल तयार होतात आणि गोष्ट एकही नाही. नुसतं शेजारी बसा. फार तर 'मग काय झालं?' एवढं विचारा. तात्पर्य विचारू नका. तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत लिहून घ्या आणि तिला वाचून दाखवा. आपलं बोलणं कागदावर उतरतं, हे पाहून पोर कशी बघते ते एकदा अनुभवा.

भातुकलीकडेही डोळे उघडे ठेवून बघा. ताडगोळ्याच्या चाकांची गाडी घेऊन मुलगे डोंगरापल्याड जातात, मुली चुलीपाशी. म्हणजे पाचव्या वर्षीच प्रवासाच्या गोष्टी मुलग्यांच्या झाल्या! एकदा एक मुलगा चिखलाच्या भाकऱ्या छान थापत होता. आम्ही मोठ्या बायका हसलो. त्याने लाथेने चूल मोडली. ते हसू आपलं होतं, पुरुषांचं नव्हे. आणि कडेवर भावंड असलेली मुलगी दाराशीच उभी राहते, तिला भावंडासकट आत घ्या.

एक बजावते. मुलाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, तिची गावात चर्चा नको. त्या मुलीच्या आईकडे मी जात राहिले. नवऱ्याचा विषय काढला नाही, तिच्या बरोबरीने विटा रचल्या. तिसऱ्या खेपेला तीच बोलली. मात्र लैंगिक अत्याचाराची शंका आली तर गप्प बसता येत नाही, २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे.

तुम्ही म्हणाल, वेळ कुठाय? आहार, वजनं, रजिस्टरं, वर मोबाईलवरच्या नोंदी, आणि हाती पगार नव्हे, मानधन. खरंच आहे. म्हणूनच मंडळाच्या बायांना सांगते, सेविकांच्या मोर्चात जाल तेव्हा मानधनाबरोबर मुलांपाशी बसायला मोकळा तासही मागा.

चहा झाला की सगळ्यांनी आवारात यायचं. प्रत्येकीने पाच वस्तू वेचायच्या. नमुना मी दाखवणार नाही.