इंग्रजी अमदानीतील टपाल-तिकिटे व त्यांतील भेद



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस, महागाई भत्ता नाहीतर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची खूणगाठ असते. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी टपालाची जुनी तिकिटे म्हणालो, आणि समोरचे गृहस्थ क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. तिकिटे जमवणे हा राजेरजवाड्यांचा किंवा शाळकरी मुलांचा नाद, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही; पाचवे जॉर्ज बादशहा स्वतः या नादातले पट्टीचे होते. मला मात्र हा नाद लागला तो पगारपत्रकातून.

१८९९ च्या मुद्रांक कायद्याने वीस रुपयांहून अधिक रकमेच्या पावतीला एक आण्याचे तिकीट लावणे भाग होते. आज पाच हजारांवर एक रुपयाचे लागते, ही त्याचीच पुढची पिढी. १९०६ साली सरकारने टपालाचे आणि पावतीचे तिकीट एकच केले. अर्ध्या आण्याच्या व एक आण्याच्या तिकिटावर ‘पोस्टेज अँड रेव्हिन्यू’ अशी अक्षरे आली. त्यामुळे जे तिकीट पाकिटावर बसे, तेच कामगाराच्या अंगठ्याखालीही बसे. आमच्या कचेरीत जुन्या कामगारांच्या घरून आलेली कागदांची गाठोडी होती. ती लावताना मला दिसले की एक आण्याचे तिकीट तेच, राजा तोच, चौकट तीच. पण काही पावत्यांवर रंग किरमिजी आणि काहींवर चॉकलेटी. असे का, हे कोणाला सांगता येईना. माझी शाळा नववीत सुटलेली. मुंबईच्या फुटपाथवरून जुनी पुस्तके आणून, जाल कूपर यांच्यासारख्या जाणकारांचे लिखाण अडखळत वाचून, मी उत्तर शोधू लागलो. ते मिळाले, आणि सोबत भलतेच काही मिळाले. तिकिटाचे जे भेद संग्राहक भिंग लावून शोधतो, ते बहुतेक कोणा ना कोणा कामगाराच्या हाताचे, हत्याराचे नाहीतर मालाचे भेद असतात. राणी बदललेली नसते. दगड झिजलेला असतो.

सगळ्यात ठळक उदाहरण १८५४ चे. त्यापूर्वी १८५२ साली सिंधमध्ये कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी अर्ध्या आण्याचे ‘सिंध डाक’ तिकीट काढले होते. हे फ्रिअर त्याआधी साताऱ्यास होते, म्हणजे आपल्या ओळखीचे. पण सबंध हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली ती १८५४ च्या ऑक्टोबरात. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पत्र शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. अंतराप्रमाणे दाम मोजायची जुनी रीत तिथे संपली.

ही तिकिटे कलकत्त्यास सर्व्हेच्या कचेरीत, नकाशे छापायच्या शिळाप्रेसवर, कॅप्टन थुइलिअर यांच्या देखरेखीखाली छापली गेली. मूळ ठसा कोरणारा कारागीर देशी होता; इंग्रजी नोंदींत त्याचे नाव नुमेरुद्दीन असे येते. या कामात ज्याचे नाव टिकून राहिले असा हा एखादाच. अर्ध्या आण्याचे तिकीट प्रथम तांबडे निघायचे होते. त्यासाठी विलायतेहून आलेला हिंगूळ वापरला, तो संपला. मग देशी हिंगूळ घेतला, तर त्याने दगडावरचे चित्र खराब होऊ लागले. काम अडले. शेवटी नवा ठसा कोरून अर्धा आणा निळा केला आणि तांबडा रंग एक आण्याला गेला. आता पाहा, जुन्या तांबड्या अर्ध्या आण्याच्या चौकटीत बाजूला साडेनऊ कमानी आहेत आणि निळ्यात आठ. लिलावात साडेनऊ कमानींवरून मोठी बोली होते, पण त्या कमानींमागे आहे काय, तर संपलेला हिंगूळ आणि पुन्हा बसून ठसा कोरणारा माणूस.

निळ्या अर्ध्या आण्याचे तीन ठसे मानतात, तांबड्या एक आण्याचेही तीन. भिंगातून राणीच्या अंबाड्याच्या रेघा, दागिन्याची टिंबे, गळ्याखालचे टोक एकेक पाहायचे. ठसा बदलला की यांतले काहीतरी हललेले असते. चार आण्याचे तिकीट दोन रंगांचे, तांबडी चौकट आणि आत निळी राणी. म्हणजे कागद दोनदा छापायचा. एखाद्या वेळी तो उलटा घातला गेला आणि राणीचे डोके खाली, मान वर अशी तिकिटे बाहेर पडली. आज त्यांचे मोल सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. ज्याच्या हातून कागद उलटा गेला त्याचा त्या दिवशीचा पगार कापला की नाही, हे मात्र कुठल्याच कॅटलॉगात दिलेले नाही!

१८५५ पासून काम लंडनच्या डी ला रू कंपनीकडे जाऊ लागले आणि तिकिटे सुबक, एकसारखी दिसू लागली. अशा सुबक मालात भेद शोधायचा तर कागदाकडे वळावे लागते. आरंभी चार आणे आणि आठ आणे चकचकीत निळसर कागदावर आहेत, मागाहून कागद पांढरा झाला. १८६५ पासून कागदात हत्तीच्या मस्तकाचे जलचिन्ह आले, १८८२ पासून ताऱ्याचे. अक्षरांतही एक गंमत आहे. १८५४ च्या तिकिटांवर नुसते ‘इंडिया’, १८५५ पासून ‘ईस्ट इंडिया’, आणि १८८२ पासून पुन्हा ‘इंडिया’. कंपनी सरकार १८५८ सालीच गेले, तरी चोवीस वर्षे ईस्ट इंडिया कसे, असे पुष्कळजण विचारतात. तिथे तो शब्द देशाचे नाव म्हणून आहे, कंपनीचे नाव म्हणून नव्हे.

जलचिन्ह पाहायचे तर सुटे तिकीट काळ्या बशीत पालथे ठेवावे आणि वर बेन्झिनचा एक थेंब टाकावा. चिन्ह गडद होऊन उठते. दिवा, विडी, स्टोव्ह लांब ठेवा. दाती मोजायची पट्टी दुकानदार अगत्याने विकतात, पण डी ला रूची आपली तिकिटे बहुतेक दोन सेंटिमीटरला चौदा भोकांचीच आहेत. तिथे ती पट्टी फारशी कामाला येत नाही. रंगावरही एकट्यावर भिस्त नको. उन्हाने रंग उडतो, ओलीने उतरतो, काही लाल रंग हवेतल्या गंधकाने काळवंडतात.

आता माझ्या पावत्यांचे उत्तर. एक आण्याचे तिकीट किरमिजी होते ते १९२२ साली चॉकलेटी झाले. त्याच साली पाव आण्याचे कार्ड अर्ध्या आण्याला गेले. १९२५ साली नाशिकला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२६ पासून आपली तिकिटे तिथे छापली जाऊ लागली. राजा तोच, चित्र तेच. पण लंडनच्या तिकिटाच्या कागदात एकच तारा, आणि नाशिकच्या कागदात बारीक ताऱ्यांची गर्दी. समोरून पाहिले तर फरक ओळखू येत नाही. लंडनचे काम नाशिकच्या हातांनी उचलले, ही गोष्ट कागदाच्या पोटात लिहिलेली आहे.

याचा उपयोग काय, असे मला आमचेच कार्यकर्ते विचारतात. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एक जमीन कारखान्याला जायची होती आणि मोबदला कोणाला यावर वाद होता. कुळाच्या वारसांविरुद्ध समोरच्या पक्षाने एक पावती काढली. तारीख १९१९ ची. साठ रुपये घेऊन कुळाने जमिनीवरचा हक्क सोडला असा मजकूर. खाली अंगठा आणि अंगठ्याखाली एक आण्याचे तिकीट. वारसांपैकी म्हातारी बाई एवढेच म्हणत होती, “माझ्या सासऱ्यानं मरेपर्यंत ती जमीन कसली, रे बाबा.” तिच्याजवळ कागद नव्हता. मी पावती पाहायला मागितली. तिकीट चॉकलेटी होते. पण म्हटले, रंगावर थांबायचे नाही. पुराव्याच्या कागदावर बेन्झिनचा थेंबही टाकता येत नाही. सुदैवाने खळ सुकून तिकिटाचा एक कोपरा उचलला गेला होता. वकिलांच्या देखत मागून उजेड धरला, तर तेवढ्या कोपऱ्यात दोन तारे आणि तिसऱ्याचे टोक. १९१९ च्या पावतीवर नाशिकचे तिकीट!

मी लिहून दिले ते इतकेच, की हे तिकीट १९२६ पूर्वीचे असू शकत नाही. पावती कोणी लिहिली, केव्हा लिहिली, अंगठा कोणाचा, हे तिकीट सांगत नाही आणि मीही सांगितले नाही. पुढच्या तारखेला समोरच्यांनी ती पावती मागे घेतली.

महायुद्धानंतर दर वाढले तेव्हाचेही काही भेद आपल्यासारख्या नवशिक्याला सहज सापडतात. १९१९ साली दीड आण्याचे तिकीट निघाले, त्यावर इंग्रजीत ‘वन अँड अ हाफ ॲना’ असे एकवचन होते. व्याकरण चुकले म्हणून पुढे दुरुस्त करून ‘ॲनाज’ केले. साहेबाचे इंग्रजी साहेबालाच सुधारावे लागले! १९२१ साली एक आण्याच्या तिकिटावर ‘नाईन पाइज’ असा नवा छाप मारला. त्यात घाईने कुठे ‘नाईन नाईन’ तर कुठे ‘पाइज पाइज’ उमटले आहे. अशा चुकीच्या तिकिटांची नक्कल पुष्कळ होते, तेव्हा विकत घेताना सावध राहावे. शाईचे फराटे धुऊन कोरे म्हणून विकलेले मोठ्या किमतीचे तिकीट तर बाजारात पदोपदी भेटते.

मी गागोदे बुद्रुकचा. गाव आपल्याला विनोबांमुळे ठाऊक आहे. विनोबा जन्मले त्या १८९५ साली सरकारने दोन, तीन आणि पाच रुपयांची मोठी, दोन रंगांची तिकिटे काढली. आमच्या गावात ती कोणी पाहिली असतील असे वाटत नाही. आमच्याकडे येणार ते पाव आण्याचे कार्ड. १८७९ च्या जुलैपासून ते देशभर सुरू झाले होते. आणि शेजारी सुधागडात, पाली वगैरे मुलूख भोरच्या पंतसचिवांचा. भोर संस्थानाने त्याच १८७९ साली स्वतःची तिकिटे काढली: अर्धा आणा व एक आणा, दोन्ही किरमिजी, हाताने ठसा मारलेली, देशी कागदावर, गोंद नाही, दाती नाहीत. कागद कुठे जाड तर कुठे पातळ. लंडनच्या यंत्राशेजारी ही तिकिटे ठेवा म्हणजे ठसा मारणाऱ्याचा हात कुठे जड पडला, कुठे हलका, ते उघड दिसेल. १९०१ साली भोरने शंकरराव पंतसचिवांचे चित्र असलेले तांबडे अर्ध्या आण्याचे तिकीटही काढले.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण पेण, रोहे, पाली या टापूत जुन्या पेट्या अजून माळ्यावर आहेत आणि घर पाडताना त्या रद्दीत जातात. माझी कळकळीची विनंती आहे, पत्रावरचे तिकीट कापू नका, भिजवून काढू नका. सुटे अर्ध्या आण्याचे तिकीट चहाच्या किमतीतही मिळते. पण पाकिटासकट असेल तर कोणत्या गावी टाकले, केव्हा पोहोचले, हे शिक्के बोलतात. १९४६ च्या जुलैत, ११ तारखेपासून, देशभर पोस्टमनांचा संप झाला. त्या महिन्यातले टाकलेले पत्र आणि उशिराचा पोहोचेचा शिक्का असे पाकीट कोणाकडे निघाले, तर आम्हा संघटनेच्या माणसांना ते उलट्या डोक्याच्या राणीहून मोलाचे आहे.

सोबत मी वही आणली आहे. तिच्या शेवटच्या पानावर १९३७ ची नाशिकची मालिका लावली आहे: बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, लॉरी, विमान, आणि दोन आण्याच्या तिकिटावर सहाव्या जॉर्जच्या शेजारी डाक पोचवणारा हरकारा. व्याख्यान संपल्यावर ती टेबलावर ठेवतो. हात कोरडे असू द्यावेत आणि तिकीट चिमट्यानेच उचलावे. घरची पत्रे ज्यांनी बरोबर आणली आहेत त्यांनी डाव्या बाजूला बसावे. भिंग एकच आहे, त्यामुळे थोडा वेळ लागेल.