पेट-एमआरआय तपासणी आणि आपल्या परिसरातील रुग्ण
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



धसई परिसरातील कर्करोगाचा संशय असलेल्या रुग्णाला पुढील तपासण्यांसाठी आपण मुंबईस पाठवितो. त्या तपासण्यांत ‘पेट-एमआरआय’ हे नाव ऐकू येऊ लागल्यापासून, "हे यंत्र आपल्या रुग्णालयात का नसावे?" असा प्रश्न अनेकांनी आपुलकीने विचारला. त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

एमआरआय शरीराची रचना दाखवितो. पेट शरीरातील व्यवहार दाखवितो. पेटमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या पेशी बहुधा साखर अधिक ओढून घेतात. तेथून परस्परविरुद्ध दिशांना निघालेल्या किरणांच्या जोड्या भोवतीची शोधकयंत्रे टिपतात व गाठीचा ठाव सांगतात. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले आणि ही तपासणी आपल्या देशात रुजली.

पेट आणि सीटी स्कॅन यांची जोडी लवकर जमली. एमआरआयशी मात्र जमेना. पेटमधील जुन्या प्रकाशनलिकांत इलेक्ट्रॉन निर्वात पोकळीतून धावतात आणि चुंबकाजवळ त्यांचा मार्ग वाकतो. तीन टेस्लाचा चुंबक तर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट प्रबळ! शिवाय शोधकयंत्रांतील धातू एमआरआयचे चित्र बिघडवितो. १९९० च्या दशकात संशोधकांनी स्फटिकांतील प्रकाश काचतंतूंवाटे चुंबकाबाहेर नेऊन पाहिला. पुढे चुंबकाला न जुमानणारे सिलिकॉनचे प्रकाशशोधक आले आणि दोन्ही यंत्रे एकाच पोकळीत बसली. संपूर्ण शरीराची एकाच वेळी तपासणी करणाऱ्या अशा यंत्रास २०११ साली अमेरिकेत परवानगी मिळाली.

याचा लाभ खरा आहे. मेंदू, यकृत, ओटीपोट यांसारख्या मऊ अवयवांचे चित्र एमआरआयमध्ये सीटीपेक्षा पुष्कळदा स्पष्ट येते. सीटीचे क्षकिरण टळत असल्याने, वारंवार तपासणी लागणाऱ्या बालरुग्णांना ते विशेष हितकारक ठरते. परंतु फुप्फुसातील बारीक गाठी सीटीच अधिक चांगल्या दाखवितो, आणि कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांना पेट-सीटी पुरेसा असतो. म्हणून पेट-एमआरआय झाला नाही तर उपचारात उणीव राहिली, असे कोणी मनास लावून घेऊ नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यंत्राची किंमत कोट्यवधींची. त्यासोबत प्रशिक्षित तज्ज्ञ, किरणोत्साराची परवानगी व अखंड वीज हवी. आणि त्या औषधाची किरणशक्ती दर ११० मिनिटांनी निम्मी होते. ते कोठीत साठवून ठेवता येत नाही.

आमच्या मते आपल्या रुग्णांची खरी अडचण याच ११० मिनिटांत आहे. धसईहून मुरबाड, तेथून एस.टी.ने कल्याण आणि पुढे लोकल, असा प्रवास करून रुग्ण दोन तास उशिरा पोहोचला, तर त्याच्यासाठी आणलेले औषध निम्म्याहून कमी उरलेले असते. कित्येकदा दुसरी तारीख घ्यावी लागते. मजुरी बुडते, आणि दुखणे काही थांबत नाही. वाटेत कोणी प्रेमाने चहा-बिस्किट दिले तरी अडचण होते, कारण तपासणीपूर्वी साधारण सहा तास उपाशी राहावे लागते आणि रक्तातील साखर आटोक्यात असावी लागते. मधुमेही रुग्णाने गोळ्या-इन्शुलिनबाबत आधीच विचारून घ्यावे. पेसमेकर वा शरीरात धातू असल्यास, तसेच स्त्री गर्भवती असल्यास किंवा अंगावर पाजत असल्यास, ते आधीच सांगावे. तपासणीनंतर काही तास लहान मुलांना जवळ घेऊ नये.

म्हणून आमची विनंती अशी, की यंत्रासाठी मनात योजलेली देणगी रुग्णाच्या वाटेसाठी द्यावी : आदल्या रात्री मुंबईत मुक्कामाची सोय, सोबतीचे भाडे, आणि सूचना मराठीत समजावून सांगणारा एक माणूस. जगातील उत्तम यंत्र मुंबईत असले, तरी शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरील माणूस वेळेवर त्याच्यापर्यंत पोहोचला, तरच ते त्याचे होते.