वॉटसनचं हॉटेल

आमचं तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं. सिनेमा मात्र आम्ही लहानपणी पाहिला तो येरमाळ्याच्या यात्रेत, तंबूत, जमिनीवर बसून. हा सिनेमा आपल्या देशात जिथे पहिल्यांदा दाखवला गेला, त्या इमारतीत मी १९७९ साली जाऊन आलो होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तेव्हा औरंगाबादला खंडपीठ नव्हतं. जमिनीच्या दाव्यासाठी मुंबई गाठावी लागे. वकीलसाहेबांचं ऑफिस काळा घोड्याजवळ, एस्प्लनेड मॅन्शनमध्ये होतं. लाकडी जिना कुरकुरायचा. वडील म्हणाले, "जपून पाय टाक रे."

पुढे वाचनात आलं, की हेच ते वॉटसन हॉटेल. जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्याचं. बिडाचे खांब, तुळया इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडल्या. आराखडा रोलंड ऑर्डिश यांचा. पाच मजले, सुमारे १३० खोल्या.

इथेच ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. तिकीट एक रुपया. सहा छोट्या फिती होत्या. एकीत आगगाडी स्टेशनात येते, एकीत मजूर भिंत पाडतात. पुढे १८९९ मध्ये सावेदादा भाटवडेकरांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली आणि आपल्याकडेही कॅमेरा फिरू लागला.

१९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडलं आणि वॉटसनची रया गेली. कालांतराने हॉटेल बंद पडलं, खोल्यांचे तुकडे करून ते भाड्याने दिले गेले. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने भाडेकरूंना बाहेर पडावं लागलं. आयआयटीच्या अहवालाने इमारत पाडावी म्हटलं. वारसातज्ज्ञ म्हणाले, दुरुस्ती होऊ शकते.

दारूकामाच्या गावात वाढलेला माणूस मी. भिंत अंगावर येणं म्हणजे काय, ते आम्हाला सांगावं लागत नाही. त्यामुळे माणसाच्या जिवापेक्षा वास्तू मोठी, असं मी म्हणणार नाही. पण सुटे भाग जोडून उभी केलेली इमारत भाग बदलून सावरताही आली असती. ते वेळेवर झालं नाही, एवढंच.

ल्युमिएर यांची ती भिंतीची फीत उलटी फिरवली, की पडलेली भिंत पुन्हा उभी राहते. खऱ्या भिंतीला ती सोय नसते. तेव्हा आपल्या गावातला जुना वाडा असो की वेस, पहिला चिरा हलतो तेव्हाच शिडी लावावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)