गळ टाकण्याची वेळ

रविवारीं जेवणखाण आटोपून दहा-साडेदहाच्या सुमारास शहरांतील शौकीन मंडळी तलावाच्या किंवा धरणाच्या कांठीं येतात. हातांत नवी काठी असते, तिला चकरी असते, डब्यांत कणकेच्या गोळ्या असतात. वैशाखाचें ऊन डोक्यावर येतें. दोन वाजतात, तीन वाजतात. दोरीचें बूच पाण्यावर जसेंच्या तसें. अशा वेळीं जाळें खांद्यावर टाकून वाटेनें जाणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या भोयाला कोणी तरी विचारतोच, "काय मामा, या पाण्यांत मासे उरले नाहीत वाटतं?" आणि भोई हंसून म्हणतो, "मासं हायती साहेब. तुमची येळ न्हाई."

या उत्तरांत गळाच्या विद्येचा निम्मा भाग येऊन जातो. काठी कोणती, दोरी किती जाड, आमिष गांडुळाचें कीं पिठाचें, यांची चर्चा तासन् तास चालते. वेळेचा विचार मात्र सुट्टी कधीं आहे एवढ्यावरच संपतो. माशाला रविवार ठाऊक नसतो. पाण्याची उष्णता, पाण्यांत मिसळलेला प्राणवायु आणि पाण्याचा ओघ या तिहींवर त्याची दिनचर्या अवलंबून असते, आणि या तिहींचा मेळ बसला म्हणजेच तो तोंड उघडतो.

मासा हा थंड रक्ताचा प्राणी. मनुष्याचें अंग पौषांत काय आणि वैशाखांत काय, सारखेंच ऊन असतें. माशाचें अंग सभोंवारच्या पाण्याइतकेंच ऊन किंवा गार. पाणी तापूं लागलें म्हणजे त्याच्या शरीराचा व्यापार जोरानें चालतो व त्याला प्राणवायु अधिक लागतो. आणि नेमका त्याच वेळीं पाण्यांतील प्राणवायु कमी होतो. २० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. आंकड्यांतील हा फरक लहान दिसतो. पण ज्याचा खर्च वाढला आहे त्याचेंच उत्पन्न घटावें, तशी ही माशाची स्थिति होते. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारीं उथळ पाणी सोडून मासे डोहाच्या तळाशीं, कपारींत, कांठच्या जांभळीच्या सावलींत जाऊन स्वस्थ राहतात. तेथें त्यांच्यापुढें पक्वान्न वाढलें तरी ते ढुंकून पाहत नाहींत. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत वाहत्या नदीवर पहांटेचे दोन तास आणि दिवस कलल्यापासून अंधार पडेपर्यंतचा वेळ, एवढाच गळाचा समजावा.

पहांट उत्तम, हें वाक्य सर्वांच्याच तोंडीं असतें. पण जें नदीला लागू तें शेवाळानें भरलेल्या तळ्याला लागू नाहीं. पाण्यांतील वनस्पति दिवसा उजेडाच्या साहाय्यानें प्राणवायु सोडतात आणि रात्रभर, इतर प्राण्यांप्रमाणेंच, तो खर्च करतात. अर्थात् अशा तळ्यांत प्राणवायूचा सर्वांत मोठा दुष्काळ पडतो तो पहांटेसच. वैशाखांत सूर्योदयापूर्वीं तेथें गेलें असतां मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडांची उघडझाप करतांना दिसतात, आणि नवखा शौकीन हर्षानें गळ टाकतो. ते मासे भुकेलेले नसतात, गुदमरलेले असतात. अशा तळ्यावर संध्याकाळ बरी, कारण दिवसभरांत पाण्याची शिदोरी पुन्हां भरलेली असते.

मरळ मात्र या हिशेबाच्या बाहेरची. तिला कल्ल्यांखेरीज हवा घेण्यासाठीं डोक्यांत निराळी पोकळी असते, आणि मधूनमधून वर येऊन ती हवेचा घोट घेऊन जाते. पाण्यांत प्राणवायु कमी झाला तरी तिचें फारसें अडत नाहीं. त्यामुळें इतर मासे दडून बसलेले असतां कमळाच्या पानांच्या फटींतून ती बेडकावर झडप घालतांना दिसते. मरळीच्या बाबतींत एक गोष्ट मात्र प्रत्येक गळ टाकणारानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पावसाळ्यांत तळ्याच्या कडेला नारिंगी-तांबड्या रंगाच्या बारीक पिलांचा घोळका पाण्यावर गोळा होऊन हलतांना दिसतो. त्या घोळक्याखालीं मरळीचें जोडपें पहाऱ्यावर असतें. घोळक्यांत कांहीहि टाकलें कीं तें त्यावर तुटून पडतें. येथें मरळ इतक्या सहज सांपडते कीं कित्येक लोक हीच मरळीची वेळ असें सांगतात. वास्तविक ती खाण्यासाठीं येत नाहीं, पिलांच्या रक्षणासाठीं येते. पहारेकरी काठावर आल्यावर त्या पिलांना शिंगाळा आणि बगळा यांच्या तावडींतून सोडविणारें कोणी उरत नाहीं. एका माशाच्या मोबदल्यांत सारें घर बुडतें, आणि पुढल्या वर्षीं तेंच तळें ओसाड झालें म्हणून त्याच लोकांची तक्रार असते.

पौष-माघांत वेळापत्रक उलटें होतें. घाटमाथ्यावरील आणि देशावरील पाणी रात्रींच्या थंडीनें इतकें गार होतें कीं सकाळीं रोहू-कटल्यासारखे मासे जड होऊन तळाशीं पडून राहतात. अशा दिवसांत सूर्य चांगला वर आल्यावाचून कांठीं जाण्यांत अर्थ नाहीं. दहापासून तीनपर्यंतची वेळ, आणि तींहि ज्या कांठावर ऊन सरळ पडतें त्या कांठाचीं उथळ पाणीं, हीं पसंत करावीं. दहा वाजतां जेवून निघणारे रविवारचे शौकीन पौषांत अगदी बरोबर वेळेवर पोंचले असते. पण त्या दिवसांत थंडी म्हणून ते घरींच असतात.

वाऱ्याकडे लोक फारसें पाहत नाहींत, पण तें पाहावें. मंद वारा एका दिशेनें कांहीं तास वाहत राहिला कीं पाण्यावरचे किडे आणि कचरा समोरच्या कांठाला जाऊन लागतो, व त्यामागून मासेहि जातात. वारा पाठीवर घेऊन बसणें सुखाचें असतें. मासे मात्र तोंडावर वारा घेणाराला मिळतात. शिवाय बारीक लाटांमुळें कांठावरच्या माणसाची सांवली माशाला स्पष्ट दिसत नाहीं. पाश्चात्य पुस्तकें वाचून कित्येक जण हवेचा दाब मोजण्याचें यंत्र जवळ बाळगतात. थंड देशांत वादळांच्या ये-जा करण्यानें हा दाब पुष्कळ वरखालीं होतो. आपल्याकडे तो रोज घड्याळासारखा दोनदां चढतो व दोनदां उतरतो. सकाळीं आणि रात्रीं दहाच्या सुमारास अधिक, पहांटे आणि दुपारीं चारच्या सुमारास कमी. वर्षांतील बहुतेक दिवस याहून निराळें तो फारसें कांहीं सांगत नाहीं. त्यापेक्षां वळवाची सर येऊन गेल्यावरचा अर्धा तास अधिक उपयोगाचा: पाणी थोडें निवतें, थेंबांच्या माऱ्यानें त्यांत हवा मिसळते, आणि कांठचे किडे वाहून येतात.

चंद्राचा प्रश्न हमखास निघतो. नदीला समुद्रासारखी भरती-ओहोटी नाहीं, तेव्हां तिथीचा संबंध येतो तो केवळ उजेडापुरता. शिवडा आणि वाम हे रात्रीं चरणारे मासे आहेत, व त्यांच्यासाठीं अंधाऱ्या रात्री बऱ्या असा भोयांचा अनुभव आहे. तिथींचा विचार करण्याची चाल मात्र या देशांत फार जुनी, आणि ती मासे धरण्यासाठीं नव्हे तर न धरण्यासाठीं. सम्राट् अशोकानें राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षानंतर कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत चातुर्मासींच्या तीन पौर्णिमा व तिष्य पौर्णिमा या प्रसंगीं चतुर्दशी, पौर्णिमा आणि प्रतिपदा असे तीन दिवस, तसेंच उपोसथाच्या दिवशीं, मासे मारूं नयेत व विकूं नयेत अशी आज्ञा आहे. पुढें बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें ‘मानसोल्लास’ ग्रंथांत गळानें मासे धरण्याच्या विनोदाला स्वतंत्र प्रकरण दिलें आणि निरनिराळ्या माशांचें खाद्य सांगितलें. राजाला वेळ होता, आणि मासेहि पुष्कळ होते.

वर्षांतील सर्वांत चांगला काळ कोणता, असें एका शब्दांत विचारलें तर उत्तर द्यावें, हस्ताचा. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्र लागतें. नदीचा तांबडा गढूळपणा ओसरून पाण्याला हिरवट झांक येते, ओघ असतो पण लोंढा नसतो, पाणी थंडहि नसतें आणि तापलेलेंहि नसतें. पुरांत चरण्याची पंचाईत झालेले मासे आतां भुकेनें फिरत असतात. आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा चालतात, आणि ढगाळ दिवस असला तर दुपारहि चालते. सह्याद्रींतून उतरणाऱ्या नद्यांत महसीर, म्हणजे मावळांतील खडशी, हिचा हाच काळ. खळाळ जेथें डोहाला मिळतो तेथें तोंड वर करून ती ओघाबरोबर येणाऱ्या अन्नाची वाट पाहते. उन्हाळ्यांत हीच खडशी उंबराखालीं मिळते; पिकलेलें फळ पाण्यांत पडल्याचा आवाज ती ओळखते.

या माशाचें शास्त्रीय नांवहि येथलेंच आहे. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेल्या माशावरून कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि लोकांच्या तोंडचें ‘खुद्री’ हें नांवच त्याला ठेवलें. आज त्याच पाण्यांत शहराचें सांडपाणी वाहतें. तेथें खडशीसाठीं कोणतीच वेळ चांगली राहिलेली नाहीं. लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतर या माशाचें कृत्रिम प्रजनन सुरू केलें. फलित अंडीं ओल्या कापसांत ठेवून दूरवर पाठवितां येतात असें तेथील अनुभवानें दिसून आलें, आणि तेथलीं पिलें इतर प्रांतांतील नद्यांतहि सोडण्यांत आलीं. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीं देवीच्या नांवानें मासे राखलेले आहेत. तेथें लोक त्यांना कुरमुरे टाकतात, गळ टाकीत नाहींत.

आतां उरला मृगाचा पाऊस. कोंकणांत पहिल्या मोठ्या पावसानें ओढे भरून शेतांत शिरले कीं नदींतले मासे त्या ओघावर वर चढूं लागतात. यालाच वलगण म्हणतात. घोट्याएवढ्या पाण्यांतून ते खळखळत चाललेले असतात. दिवटी, काठी, टोपली, कामट्यांचा सांपळा, कशानेंहि ते मिळतात. सुलभतेच्या दृष्टीनें पाहिलें तर वर्षांत याहून चांगली वेळ नाहीं. पण ते चढतात कशासाठीं, हें त्यांचीं पोटें चिरतांना दिसतें. गोड्या पाण्यांतील बहुतेक मासे पुराच्या नव्या, पसरट, उथळ पाण्यांतच अंडीं घालतात. पुराची गरज त्यांना किती असते याचें प्रत्यंतर रोहू-मृगळांनीं दिलें: तळ्याच्या सांठलेल्या पाण्यांत हे मासे वर्षानुवर्षें वाढले तरी अंडीं घालीत नसत. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांत डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशांच्याच पियूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून त्यांना अंडीं घालावयास लावलें, तेव्हां कोठें तळ्यांतील मत्स्यशेतीला बियाणें मिळूं लागलें. एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीच्या पोटांत दोन लाखांच्या घरांत अंडीं असतात. त्यांतील फारच थोडीं जगतात हें खरें. पण तीं थोडीं जगावयाचीं तर मादी शेतापर्यंत पोंचली पाहिजे.

वलगणीचे मासे धरणारांत ज्याच्या घरीं आषाढांत चूल पेटण्याची मारामार असते असा गरीबहि असतो. त्याला चार मासे खाऊं नको म्हणून सांगणें भरल्या पोटाच्या माणसाला शोभत नाहीं. परंतु शहरांतून मोटारींनीं येऊन पोत्यांनीं मासे भरून नेणाराची, किंवा ओढ्याच्या तोंडाला एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत जाळें लावणाराची गोष्ट निराळी. ओढ्याचा अर्धा प्रवाह मोकळा सोडावा, अंड्यानें फुगलेली मादी हाताला लागली तर ती वरच्या अंगाला सोडून द्यावी, एवढें तरी व्हावें. हौसेनें गळ टाकणारानें मृग ते मघा काठी खुंटीला टांगून ठेवावी हेंच बरें. तेवढ्यांत ज्याला राहवत नाहीं त्याच्यासाठीं चिलापी आहे. १९५२ सालीं बाहेरून आणलेला हा मासा वर्षांतून अनेकदां पिलें घालतो आणि आपल्या तळ्यांत इतरांना जागा ठेवीत नाहीं. तो कितीहि धरला तरी कोणाचें नुकसान नाहीं.

पावसाळ्यांत काठी आवरण्यास दुसरेंहि कारण आहे. आतां बहुतेक नद्यांवर धरणें झालीं आहेत, आणि दरवाजे उघडले म्हणजे खालच्या पात्रांत पाणी पाहतां पाहतां चढतें. पात्रांतील खडकावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर ऊन असतें, पाऊस वीस कोसांवर पडलेला असतो. भोंगा ऐकूं आला कीं सामानाचा विचार न करतां कांठ गांठावा. सुरुंग आणि विष यांनीं मासे मारणें १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरलेला आहे. त्याविषयीं अधिक बोलण्याची गरज नाहीं. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क पुष्कळदां सहकारी संस्थांकडे असतो, म्हणून काठी उघडण्यापूर्वीं तेथें विचारून घ्यावें.

पूर ओसरल्यावर नेमकें कोणत्या दिवशीं निघावें, हें पंचांगांत लिहिलेलें नसतें. कांठाशीं बसून हात कोपरापर्यंत पाण्यांत बुडवावा. बोटें दिसत नसलीं तर घरीं परत यावें आणि चार दिवसांनीं पुन्हां जावें. दिसलीं तर गांडुळें तेथेंच, कांठच्या ओल्या मातींत, खणून मिळतात.