आधीं तारण, मग आज्ञा
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील व्याख्यान)



या मंगल प्रसंगीं आपल्या मंदिराचा व तें उभारणाऱ्या पूर्वजांचा गौरव पुष्कळ झाला, आणि तो उचितच आहे. मला मात्र आपलें लक्ष एका प्राचीन प्रश्नाकडे वेधावयाचें आहे. मनुष्याचें तारण कशानें होतें? नियम पाळल्यानें, कीं विश्वासानें? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. रविवारची मिस्सा चुकवीत नाहीं, तेव्हां देवाचें आपण कांहीं लागत नाहीं असें मानणारा, आणि अंतःकरणांत श्रद्धा असल्यावर मिस्सा कशाला, असें म्हणणारा, असे दोघेही कधीं कधीं एकाच घरांत नांदतात.

ज्युबिलीची कल्पनाच मुळीं मोशेच्या नियमशास्त्रांतली आहे. लेवीयाच्या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत ती सांगितली आहे. ४९ वर्षें भरल्यावर ५० वें वर्ष पवित्र मानावें. विकलेली जमीन मूळच्या कुळाकडे परत जावी. दारिद्र्यामुळें चाकरीस राहिलेल्या बांधवानें आपल्या घरीं परतावें. पण या वर्षाचें रणशिंग कोणत्या दिवशीं फुंकावयाचें? प्रायश्चित्ताच्या दिवशीं. प्रथम देवाची क्षमा, मग बांधवाची सुटका. सिनाय पर्वतावरही हाच क्रम दिसतो. आज्ञा पाळाल तर मिसर देशांतून सोडवीन, असें देवानें म्हटलें नाहीं. त्यानें आधीं समुद्र पार करविला, मग आज्ञा दिल्या. आज्ञा ही सुटकेची किंमत नव्हे. सुटलेल्यांनीं कसें वागावें याची ती शिकवण होय.

हा क्रम दृष्टीआड झाला, तेव्हां पहिल्या ख्रिस्तसभेंतही वाद माजला. इ. स. ४९ च्या सुमारास यहूदियांतून कांहीं मंडळी अंत्युखिया नगरांत आली आणि सुंतेवांचून तारण नाहीं असें परराष्ट्रीय ख्रिस्ती जनांस शिकवूं लागली. संत पौल व बर्णबा यांनीं त्यांस विरोध केला. तेव्हां येरुशलेमेंत प्रेषितांची व वडीलजनांची सभा भरली. देवानें परराष्ट्रीयांसही पवित्र आत्मा दिला, मग आपल्या पूर्वजांना न पेलवलेलें जूं त्यांच्या मानेवर कां ठेवतां, असें संत पेत्रानें विचारलें. सुंतेची अट घालूं नये असें ठरलें. मूर्तीला वाहिलेलें अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचें मांस आणि जारकर्म यांपासून दूर राहावें, इतकेंच पत्रानें कळविण्यांत आलें.

त्याच अंत्युखियांत घडलेला दुसरा प्रसंग संत पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत आहे. पेत्र तेथें परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे. परंतु याकोबाकडील कांहीं मंडळी येतांच तो भयानें मागें सरला. पौलानें त्यास सर्वांदेखत दोष दिला. आपल्या भाषेंत याला पंक्तिभेद म्हणतात, आणि त्याची ओळख आपणांस करून द्यावयास नको. पंगत मोडली कीं सुवार्ताही मोडली, हें पौलानें ओळखलें. ज्याला स्वतःचें पान केवळ कृपेनें लाभलें, त्यानें दुसऱ्याच्या पानाचा अधिकार कसा तपासावा?

तर मग सत्कर्मांचें काय? कर्मावांचून विश्वास निर्जीव आहे, असें संत याकोब बजावतो. आणि प्रीतीच्या द्वारें कार्य करणारा विश्वासच उपयोगाचा, असें पौलही म्हणतो. याच प्रश्नावरून १६ व्या शतकांत पश्चिमेकडील ख्रिस्ती जन दुभंगले. त्रेंत येथील धर्मपरिषदेनें १३ जानेवारी १५४७ रोजीं आपला निर्णय दिला: विश्वास हा तारणाचा आरंभ, पाया व मूळ आहे, ही कृपा कोणीही स्वतःच्या पुण्याईनें मिळवीत नाहीं, परंतु मनुष्यानें त्या कृपेशीं सहकार्य केलें पाहिजे. पुढें ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं ऑग्सबर्ग येथें कॅथोलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनीं एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देव आपला स्वीकार करतो तो कृपेनें, आपल्या पुण्याईमुळें नव्हे, आणि तोच आपणांस सत्कर्मांसाठीं सामर्थ्य देतो, हें दोघांनींही मान्य केलें. सर्व मतभेद मिटले नाहींत. पण मुळाशीं एकवाक्यता झाली.

मग धर्मसभेचे नियम व्यर्थ आहेत काय? मुळींच नाहीं. रविवारची मिस्सा, उपवास, पापनिवेदन हीं कर्तव्यें आपणांवर बंधनकारक आहेत. शेताला कुंपण नसेल, तर पीक गुरें खातात; परंतु कुंपणाला पीक येत नाहीं. खुद्द धर्मसभेचा कायदाच हें जाणतो. १९८३ सालच्या कायदेसंहितेंत १७५२ कलमें आहेत. शेवटचें कलम तसें धर्मगुरूंच्या बदलीसंबंधीं आहे. पण त्याचा शेवट आत्म्यांचें तारण हाच धर्मसभेंतील सर्वश्रेष्ठ नियम होय, या स्मरणानें केला आहे.

बंधुभगिनींनो, महोत्सवाची पंगत बसेल, तेव्हां कोणाचें पान मांडलेलें नाहीं तें पाहा. बांधाच्या वादावरून ज्याच्याशीं अबोला धरला तो भाऊ, लग्नाच्या निमित्तानें दुरावलेली ती लेक, वर्षानुवर्षें मंदिराकडे न फिरकलेला तो शेजारी. नियमांची यादी वाचून दाखविण्यापूर्वीं त्यांस हात धरून आंत आणा. देवानें आपणांशीं असेंच केलें आहे. ज्याला आपण सोडविले गेलों हें कळलें, त्याला आज्ञा जड वाटत नाहीं.

तो कृपाळू परमेश्वर या धर्मग्रामास अशीच एक अखंड पंगत करो. आमेन.