चुलीपासून बातमीपर्यंत

(वाशीम येथील महिला मेळाव्यातील व्याख्यानाचा संक्षेप)



मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास १८३२ सालच्या ‘दर्पण’पासून सांगितला जातो. बाळशास्त्री जांभेकरांमागून टिळक, आगरकर, शिवरामपंत परांजपे ही तेजस्वी नावे ओघाने येतात. स्त्रियांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. त्या लिहीत नव्हत्या असे नाही. त्यांनी लिहिलेले जपून ठेवण्याची काळजी समाजाने घेतली नाही, हे त्याचे खरे कारण आहे.

तानुबाई बिर्जे हे त्याचे ठळक उदाहरण. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकलेल्या या कन्येचा विवाह वासुदेवराव बिर्जे यांच्याशी झाला. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी नावारूपाला आणलेले ‘दीनबंधु’ पुढे बिर्जे यांच्याकडे आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पतीचे निधन झाले, तेव्हा तानुबाईंनी पत्र बंद पडू दिले नाही. संपादकाची लेखणी त्यांनी स्वतः हाती घेतली. विधवेने घराबाहेर पाऊल टाकणेही जेथे आक्षेपार्ह मानले जाई, त्या काळात एक स्त्री राजकारण, शेतकरी आणि शिक्षण यांवर अग्रलेख लिहीत होती! देशातील अगदी आरंभीच्या स्त्री-संपादकांत त्यांची गणना होते. आज किती घरांत हे नाव ठाऊक आहे?

आता स्वयंपाकघराकडे वळू. मराठीतील पहिले छापील पाकशास्त्राचे पुस्तक ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक होते रामचंद्र सखाराम गुप्ते. शतकानुशतके चूल सांभाळली स्त्रीने, ग्रंथ मात्र लिहिला पुरुषाने. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ लिहून ही उणीव भरून काढली. १९३० साली किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघाले आणि मध्यमवर्गीय घरातील स्त्रीला लिहिण्याचे हक्काचे व्यासपीठ मिळाले. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. वाटी-चमच्याच्या मापात सांगितलेल्या त्यांच्या कृतींनी सासर-माहेरापासून दूर, शहरातील दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या नवविवाहितेला आधार दिला. ‘अंदाजाने घाला’ हे वाक्य आजीच्या शेजारी उभे राहून शिकणाऱ्या नातीलाच पुरते. कुटुंबे विखुरली, तेव्हा त्या अंदाजाला मापात बसवणे हे सामाजिक कार्य ठरले.

परदेशातही चित्र फारसे वेगळे नव्हते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये १९४० च्या दशकात जेन निकरसन अन्नविभाग सांभाळत. ‘न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून’च्या क्लेमेंटाइन पॅडलफोर्ड तर स्वतः विमान चालवत आणि गावोगावच्या स्वयंपाकघरांतून लोकांचे खाणेपिणे टिपून आणत. तरीही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय पत्रकार संघाने १९७१ पर्यंत स्त्रियांना सदस्यत्व दिले नव्हते. महिलांचे पान हे दार होते, तसेच ती भिंतही होती. त्या पानावरून आत येता येई. पहिल्या पानावर जाण्यास मात्र आडकाठी असे. मराठीत ही भिंत ओलांडून प्रत्यक्ष बातमीदारी करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या नीला उपाध्ये यांचे नाव आदराने घेतले जाते. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

या परंपरेत वाशीमचाही वाटा आहे. १९०७ साली जन्मलेल्या गीता साने याच मातीतील. ‘हिरवळीखाली’सारख्या कादंबऱ्यांतून त्यांनी स्त्रीच्या मनाची घुसमट मांडली. पुढे चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरीचा प्रश्न प्रत्यक्ष अभ्यासून त्यांनी ‘चंबळची दस्युभूमी’ लिहिले. जेथे जाण्यास पुरुषही कचरत, त्या विषयाला एका वऱ्हाडी स्त्रीने हात घातला.

मग आज कर्तव्य काय? १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा येथील घराघरांतून रोडगे आणि वांग्याची भाजी, कळण्याची भाकरी, उन्हाळ्यातील कुरड्या आणि सरगुंडे यांचे ज्ञान आजही वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातात आहे. ज्वारीचे शेत मागे पडून सोयाबीन आले, तसे ताटही बदलले. जुने ताट कसे होते, ते का बदलले, कोणत्या वर्षी कोणत्या घरात काय शिजत नव्हते, ही केवळ पाककृती नव्हे. ती गावाच्या शेतीची, दुष्काळाची आणि कष्टाची बातमी आहे. ती टिपणारी लेखणी याच गावात निर्माण व्हावयास हवी.

त्यासाठी मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. शाळेतल्या मुलीच्या हाती एक वही द्यावी आणि तिला आजीजवळ बसवावे. पदार्थाबरोबर आजीचे गाव, तिचे लग्नाचे वर्ष, तेव्हाचे पीकपाणी हेही लिहून घ्यावे. त्याच मुलीला पुढे ग्रामसभेत काय ठरले तेही लिहावेसे वाटले, तर घरच्यांनी तिला अडवू नये. तानुबाईंना अग्रलेख लिहिताना जे धैर्य लागले, त्याचा अल्प अंश जरी प्रत्येक कुटुंबाने दाखवला, तरी उद्याच्या इतिहासात आपल्या लेकींची नावे शोधत बसावे लागणार नाही.